सरड्याच्या नावाचा सातबारा

विणीच्या हंगामात गळा लालभडक करून कुंपणावर डुलणाऱ्या सरड्याचं शास्त्रीय नाव पुस्तकात असं छापतात: कॅलोटेस व्हर्सिकलर (दोदँ, १८०२). कंस उगाच नाही. फ्रेंच निसर्गअभ्यासक फ्रान्स्वा-मारी दोदँनं १८०२ मध्ये त्याला अगामा व्हर्सिकलर म्हटलं होतं. पुढे वंश बदलला, म्हणून नाव देणारा कंसात गेला.  

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण हे नाव इराणपासून आग्नेय आशियापर्यंत धावलं. एवढ्या पसाऱ्यात प्राणी एकच कसा असेल, ही शंका जुनीच. प्रश्न होता, प्रजाती वेगळ्या काढल्या तर ‘व्हर्सिकलर’वर हक्क कुणाचा?

इथे नियम सातबाऱ्यासारखे चालतात. लिनेयसच्या १७५८ च्या ग्रंथापासूनच्या नोंदी धरायच्या आणि जुनी नोंद वरचढ. पण नुसतं वय पुरत नाही. नाव शेवटी संग्रहालयातल्या एखाद्या मूळ नमुन्याला बांधलेलं असतं, आणि दोदँचा नमुना हाताशी नव्हता. अशा वेळी मूळ ठिकाणाच्या शक्य तितक्या जवळचा प्राणी ‘निओटाइप’ म्हणून नेमता येतो. गौरांग गोवंडे, सौनक पाल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये पुदुच्चेरी परिसर धरून तेच केलं. व्हर्सिकलर दक्षिणेकडच्या सरड्याकडे राहिला.

मग गंगेच्या पूर्वेकडच्या मैदानातल्या सरड्याचं काय? नवं नाव देऊन मोकळं होण्याचा मोह अशा वेळी फार असतो. पण रिचर्ड हार्लननं १८२५ मध्येच बंगालमधल्या सरड्याला अगामा व्हल्चुओसा म्हटलं होतं. व्हर्सिकलरमध्ये विरून गेलेलं ते नाव कॅलोटेस व्हल्चुओसस म्हणून परत उभं राहिलं. मला यातलं हेच काम खरं कसबाचं वाटतं. नवी प्रजाती जाहीर करण्याइतका गाजावाजा मात्र त्याचा होत नाही.

आपल्या दख्खनच्या माळावरही हेच घडलं. रंगीत गळपंखा फुलवणाऱ्या सरड्याला जर्डननं १८७० मध्ये सिटाना डेक्कनेन्सिस म्हटलं. पुढे बराच काळ तो पुदुच्चेरीच्याच सिटाना पाँटिसेरियानामध्ये जमा होता. २०१६ मध्ये दीपक व्ही., वरद गिरी आदींनी त्याला वेगळा काढला आणि वंशाला थेट मराठी नाव दिलं: सरडा. जर्डनचं ‘डेक्कनेन्सिस’ कायम राहिलं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरच्या त्याच्या भाईबंदाला लागू पडेल असं जुनं नाव नव्हतं, म्हणून तो सरडा सुपर्बा झाला.