उतारावरचं डिझेल

नाशिकहून वाशीच्या बाजारात भाजी नेणारे काही पिकअपचालक कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरतात. डिझेल वाचतं, ही त्यामागची समजूत. आजच्या कॉमन रेल इंजिनात मात्र उलट घडतं. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजेक्टर डिझेल सोडणंच थांबवतात. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि गाडीला आवरतंही. न्यूट्रलमध्ये ते चालू ठेवायला डिझेल जळत राहतं, शिवाय भरल्या गाडीचा सगळा ताण ब्रेकवर. ते तापले, की पकड सुटते.

खरी बचत सपाटीवर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी ८० ऐवजी ६० किलोमीटरने गेल्यास तो जवळपास निम्म्यावर येतो. पण उशिरा पोचलेल्या भाजीचा भाव पडतो, तेव्हा ६० वर राहणं चालकाच्या हाती थोडंच असतं?