छत पाडण्याआधी कोरड्या कोपऱ्यात ठोकून बघा

नेट-सेटचा अभ्यास करताना ‘कंट्रोल’ची व्याख्या मीही तुमच्यासारखीच पाठ केली होती. तिचा उपयोग नीट कळला तो मात्र प्रयोगशाळेत नाही, तर लीड्समध्ये मी भाड्याने राहते त्या घराच्या दिवाणखान्यात.

घर व्हिक्टोरियन काळातलं. वरच्या बाथरूमचा पाइप गळला आणि खाली छताला ताटाएवढा फुगा आला. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आपली खुर्ची फुग्याखालून काढून कोरड्या कोपऱ्यात नेली. तेवढाच भाग खरवडून बुजवू, असं त्यांचं म्हणणं. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं.

आता हे छत लटकतं कशावर, ते बघा. आपला सिमेंटचा स्लॅब डोळ्यांपुढे आणू नका. इथे वरच्या मजल्याच्या लाकडी तुळयांना खालून अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीच्या पातळ लाकडी पट्ट्या ओळीने ठोकलेल्या असतात, आणि दोन पट्ट्यांमध्ये बोट जाणार नाही एवढी फट ठेवलेली असते. चुना, वाळू आणि जनावरांचे केस यांचा गिलावा खालून दाबून लावतात. त्यातला थोडा फटींतून वर जातो, पट्टीच्या पाठीवर ओघळतो आणि तिथेच घट्ट होतो. या गाठींवर सगळं छत टांगलेलं! (केस कशाला? मातीच्या भिंतीत आपल्याकडे भुसा घालतात त्याच कारणासाठी.) वर चालण्याची धडधड, फळ्या उचलून केलेली पाइपची कामं, पाणी, यांनी गाठी तुटत जातात. खालून काहीच दिसत नाही. रंग आणि शेजारच्या शाबूत गाठी सुटलेला भाग काही काळ धरून ठेवतात, एवढंच.

वजनाचा अंदाज काढू. गिलाव्याची जाडी २ सेंटिमीटर धरा, घनता दर घनमीटरला साधारण १६०० किलो. म्हणजे एका चौरस मीटरला ३२ किलो. खोली १३ चौरस मीटरची असेल, तर डोक्यावर ४०० किलोंहून जास्त.

आमचं गृहीतक होतं की छत पाण्याने सुटलंय. मग फुग्याभोवती बोटांनी हलकेच ठोकलं, पोकळ आवाज आला. झालं सिद्ध? मी तिथेच थांबणार होते. पण पाणीच कारण असेल तर कोरड्या जागी आवाज भरीव यायला हवा, हे तपासायचं राहिलंच होतं. म्हणून खुर्चीच्या वर ठोकलं. तोच पोकळ आवाज. दाराजवळ, खिडकीजवळ, तेच. मग वरच्या खोलीतली एक फळी उचलून टॉर्च मारला. गाठी तुटून पट्ट्यांवर खड्यांसारख्या पडल्या होत्या, आणि तिथे ओलीचा मागमूस नव्हता. पाण्याने फक्त आधीच सुटलेला एक भाग दाखवून दिला होता. खुर्ची त्या दिवशी दुसऱ्या खोलीत गेली.

प्रत्येक जुनं छत पाडावंच लागतं असं नाही. गाठी थोड्याच तुटल्या असतील तर रुंद चकत्या लावून स्क्रूने गिलावा पुन्हा पट्ट्यांना किंवा तुळयांना धरता येतो. वारसा म्हणून संरक्षित इमारतीत तर परवानगीशिवाय हात लावू नये. आमच्याकडे मात्र धरायला काही उरलंच नव्हतं.

पाडण्याआधी नमुने प्रयोगशाळेत पाठवले. ब्रिटनमध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९९ साली बंदी आली. त्याआधी छतांवर दिलेल्या खरबरीत, नक्षीदार लेपात ते असू शकतं. नमुना जाणकाराकडूनच घ्यावा, आणि एकाच जागेचा घेऊन समाधान मानू नये. आमच्या छताचा एक भाग कधीतरी नंतर बुजवलेला होता, त्याचा नमुना वेगळा दिला. दोन्ही अहवालांत अ‍ॅस्बेस्टॉस नव्हतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं टाळलं.

पाडायचं काम गवंड्याचं, मी हाताखाली. खोली रिकामी, दाराला प्लास्टिक, वीज बंद, चांगला मास्क, चष्मा, हेल्मेट. आधी गिलावा उतरवायचा, तो भरून बाहेर न्यायचा, मग पट्ट्या. दोन्ही एकदम पाडलं तर खिळे, लाकूड आणि ढिगारा यांची खिचडी होते आणि पाय ठेवायला जागा राहत नाही. उभं राहायचं ते पाडलेल्या भागाखाली, पाडायच्या भागाखाली नाही. वरून कोळशाच्या शेगड्यांच्या काळातली काजळी पडली. दोन दिवस माझ्या रुमालावर ती दिसत होती.

नवं छत जिप्सम बोर्डचं, आपल्याकडे ऑफिसांत फॉल्स सीलिंगला वापरतात तेच, फक्त इथे ते थेट तुळयांना स्क्रूने बसतं. जुन्या तुळया एका पातळीत नसतात, म्हणून आधी दोरी ताणून बघायची आणि कमी पडेल तिथे लाकडाच्या चिपा भरायच्या. बोर्ड तुळयांना आडवे लावायचे, टोकं तुळईवरच आली पाहिजेत आणि शेजारच्या ओळींतले सांधे एका रेषेत येता कामा नयेत. सांध्यांवर जाळीची पट्टी, वर दोन-तीन मिलिमीटरचा जिप्समचा हात.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बाहेरून आत, महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. जिप्सम पाणी बांधून घेतं आणि एक-दोन तासांत कडक होतं. पण कडक झालं म्हणजे वाळलं नाही! गडद डाग जाऊन सगळं छत एकसारखं फिकट दिसेपर्यंत थांबा, आणि रंगाचा पहिला हात पाणी घालून पातळ करून द्या.