लाल पामाचा हिवाळा

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. त्याच दिवशी कुलाब्याचे किमान तापमान होते ११.७. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या कुलाब्याला रात्रभर पाण्याची ऊब मिळते. बोरिवली आणि मुलुंड पडले डोंगराच्या कडेला. तिथे निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते आणि पहाट अंगावर काटा आणते. बाल्कनीत लिपस्टिक पाम लावायचा असेल, तर हा फरक आधी ओळखायला हवा.

सिर्टोस्टॅकिस रेंडा हे त्याचे शास्त्रीय नाव. मलायाचे द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओ हे त्याचे माहेर. तिथल्या दलदलीच्या रानात बारा महिने ऊब आणि दमटपणा असतो. पानांचे देठ आणि खोडाला वेढणारी त्यांची आवरणे लालभडक. इतके सुंदर झाड मी तरी दुसरे पाहिलेले नाही. वाढ अतिशय संथ, त्यामुळे मोठे रोप महाग पडते. आपला पावसाळा त्याला मानवतो. कसोटी लागते ती डिसेंबर ते फेब्रुवारीत.

मुंबईत पाणी गोठत नाही, पण या झाडाला इजा व्हायला गोठण्याची गरजच नसते. बर्फ कितीतरी दूर असतानाच थंडीने पेशींची आवरणे बिघडू लागतात, मुळांचे पाणी ओढणे मंदावते. त्यात उत्तरेकडून येणारा कोरडा वारा पानांतले पाणी काढून घेतो. पाने कडेने करपतात. माणसाला वाटते, झाड तहानलेले आहे. तो आणखी पाणी ओततो आणि गार, चिंब मातीत मुळे कुजतात. उपनगरांतले बरेचसे लिपस्टिक पाम थंडीपेक्षा या मायेनेच दगावत असावेत, असे मला वाटते.

थंडीवरचे उपाय आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. जळगावकडे केळीच्या बागेभोवती शेवरीची दाट ओळ लावतात, म्हणजे गार वारा आत शिरत नाही. बाल्कनीत हेच काम उत्तर आणि पूर्व बाजूला बांधलेली शेडनेट करते. दाटीने ठेवलेल्या इतर कुंड्यांनी आसपासची हवाही थोडी दमट राहते. निफाडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या रात्री शेकोट्या पेटवतात आणि पहाटे बागेला विहिरीचे पाणी देतात. शेकोटीचा प्रश्न सोसायटीत येत नाही. पाण्याची नक्कल मात्र जपून करावी. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते, गच्चीवरच्या टाकीचे रात्रभर निवलेले असते. म्हणून ऊन वर आल्यावर, मातीचा वरचा थर सुकला असेल तरच पाणी घालावे. बशीत पाणी साचू देऊ नये. दलदलीतल्या झाडाला पाणी तोडायचे हे उलटे वाटते खरे, पण तिथली दलदल उबदार असते.

दिवाळीनंतर नत्रयुक्त खत बंद ठेवावे. त्याने फुटणारी कोवळी पाने थंडीत पहिली जातात. पालाश मात्र पावसाळा संपतानाच द्यावे. करपलेले पान पूर्ण वाळेपर्यंत कापू नये, कारण ते आतल्या सुईला, म्हणजे न उघडलेल्या कोवळ्या पानाला, आडोसा देते. पामाच्या प्रत्येक खोडाला वाढीचे टोक एकच असते. ते गेले की ते खोड संपले, आंब्यासारखी बाजूने नवी फांदी फुटत नाही. सुई अलगद ओढून पाहावी. हातात आली तर कोंब कुजू लागला आहे असे समजावे. कुजका भाग काढून, जागा कोरडी करून एक टक्का बोर्डो मिश्रण घालावे. फ्लोरिडातले पामप्रेमीही थंडीच्या लाटेनंतर कोंबावर तांबेयुक्त बुरशीनाशकच वापरतात.

एवढे करूनही मधले खोड मेले, तरी कुंडी रिकामी करू नये. हा पाम बांबूसारखा बेटाने वाढतो. मुळांशी जीव असेल तर बुडातून नवा फुटवा येतो, पण तो येण्यासाठी पावसाळ्यापर्यंत थांबावे लागते.