आष्ट्यातली एक्स-रे खोली

सकाळी 8.30
मशीन चालू करून ठेवते आणि टीएलडी बॅज छातीवर लावते. त्याच्यावरून शिशाचा एप्रन. बॅजमध्ये डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. माझ्या अंगावर पडलेल्या किरणांची नोंद त्या धरून ठेवतात. प्रयोगशाळेत तापवल्या की जेवढे किरण, तेवढा उजेड देतात. दर तीन महिन्यांनी बॅज मोजायला जातो. मिलिसीव्हर्ट हे अंगावर पडलेल्या किरणांचं माप. पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट, ही एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून माझी मर्यादा. एखाद्या वर्षी 50 पर्यंत गेलं तरी चालेल, असं आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग म्हणतो. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने मात्र 30 लाच थांबवलं. हा कडकपणा मला योग्य वाटतो.

तो आयोग 1928 साली स्टॉकहोमच्या रेडिऑलॉजी परिषदेत स्थापन झाला. राँटगेनने 1895 मध्ये क्ष-किरण शोधल्यापासून तोवर कितीतरी डॉक्टर आणि तंत्रज्ञ हाताची बोटं गमावून, कातडीच्या कॅन्सरने गेले होते. हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात 1936 मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं. अनेक देशांतली नावं त्यावर आहेत. एप्रन जड वाटतो तेव्हा मला ते स्मारक आठवतं.

9.15
ओपीडी सुरू. बावचीचे एक आजोबा, खोकला जात नाही म्हणून छातीचा फोटो. “पोरी, ही किरणं अंगात ऱ्हात्यात का गं?” नाही आजोबा, बटण सोडलं की संपलं. छातीच्या एका फोटोला साधारण 0.02 मिलिसीव्हर्ट लागतात. जमीन, आकाश आणि अन्नातून तीन दिवसांत माणसाला मिळतात तेवढेच. त्यांना आकड्याची गरज नव्हती, “तीन दिवसांच्या उन्हावाऱ्याएवढं” म्हटल्यावर ते निवांत उभे राहिले.

10.40
सायकलवरून पडलेला सहा वर्षांचा मुलगा, कोपर सुजलेलं. चिठ्ठीवर दोन्ही कोपरांचे फोटो. दुसरं कोपर तुलनेसाठी. मी डॉक्टरांना फोन केला: आधी दुखरा हात काढू का, तुम्ही बघा, लागला तर दुसरा काढते. “बरं, तसं करा.” दुखऱ्या हाताच्या फोटोतच मोडलेलं हाड दिसलं, दुसऱ्याची वेळ आली नाही.

मुलांच्या पेशी वेगाने वाढत असतात, पुढचं आयुष्यही लांब असतं, म्हणून किरणांचा धोका त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त. 2008 मध्ये अमेरिकेत ‘इमेज जेंटली’ नावाची मोहीम सुरू झाली. मुलाला मोठ्या माणसाचं सेटिंग लावू नका, एवढंच तिचं मूळ सांगणं. पुढे युरोपात, आफ्रिकेत अशाच मोहिमा निघाल्या. इथे मी करते ते इतकंच: किरणांची चौकट कोपराएवढी लहान करते, केव्ही आणि एमएएस, म्हणजे किरणांची ताकद आणि मात्रा, उतरवते, आणि हात धरायला आईला एप्रन घालून उभी करते. रोज इथेच असणाऱ्या माणसाने मूल धरायचं नाही, हा नियम आहे.

12.10
ऊसतोड टोळीतली एक बाई. मोळी उचलताना कंबर धरली. चिठ्ठीवर कमरेच्या मणक्याचा फोटो. सोबत नवरा आणि मुकादम. दोघांनाही बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि विचारलं, “ताई, पाळी वेळेवर आली का?” ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, “दोन म्हैने झाले, न्हाई आली.”

दारावर ‘गरोदर असल्यास आधी सांगा’ असा फलक आहे. तिला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी मुकादमासमोर ती काय सांगणार होती? फोटो थांबवला. सिस्टरने लघवीची तपासणी केली. दिवस गेले होते. घोट्याचा फोटो असता तर काढलाही असता, कारण तिथून पोटापर्यंत किरण जवळजवळ पोचतच नाहीत. कमरेच्या फोटोत मात्र गर्भ थेट चौकटीत येतो. डॉक्टरांनी तपासून विश्रांती आणि चालतील ती औषधं दिली.

जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना अशा आठ आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून 2014 मध्ये व्हिएन्नातून किरण सुरक्षेची मूलभूत मानकं छापली. गरोदर आहे का हे बाईला आधी विचारा, हे त्यात आहे. पण ऊसतोडीच्या फडात राबणाऱ्या बाईपर्यंत ते मानक पोचायचं, तर कुणीतरी दार लावून, हलक्या आवाजात विचारावंच लागतं. ते काम फलकावर सोडणं मला मान्य नाही.

3.00
डबा खाल्ला. दर दोन वर्षांनी होणारी मशीनची तपासणी आज होती. दिव्याची चौकट आणि किरणांची चौकट जुळते का, ट्यूबमधून गळती आहे का, टायमर बरोबर आहे का. सगळं ठीक निघालं.

5.30
आष्ट्यातल्याच एका काकींना पोटाच्या सीटीसाठी मिरजेला जायचंय. महिन्यापूर्वी एकदा काढलाय, सीडी घरी कपाटात. पोटाच्या एका सीटीला आठ-दहा मिलिसीव्हर्ट लागतात, म्हणजे छातीच्या शेकडो फोटोंइतके. त्यांच्या मुलाला घरी पिटाळून सीडी आणवली. नव्या डॉक्टरांना जुना सीटी पुरेलही.

जगात वर्षाला सुमारे 420 कोटी तपासण्या अशा किरणांनी होतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा अंदाज आहे. 2012 मध्ये बॉनला जमलेल्या तज्ज्ञांनी या तपासण्या सुरक्षित व्हाव्यात म्हणून दहा कामं ठरवली. त्यातलं पहिलंच, फोटो खरंच गरजेचा आहे का हे पाहणं. ते योग्यच आहे. सर्वांत सुरक्षित फोटो न लागलेला.

7.15
रजिस्टर पूर्ण, मशीन बंद, बॅज एक्स-रे खोलीबाहेरच्या खणात.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचंय: सांगली-मिरजेला जाताना जुन्या फिल्म, सीडी, रिपोर्ट पिशवीत घ्या. पाळी चुकली असेल तर न लाजता सांगा. ‘हा फोटो लागतोच का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा, आणि ते लागतो म्हणाले तर न घाबरता काढून घ्या.