डोळ्यांत तेल घालून

कान तपासणाऱ्याचं निम्मं काम डोळ्यांनी चालतं. माहीमच्या एका श्रवण आणि तोल तपासणी केंद्रात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलं की हे हळूहळू उमगत जातं. तान्ह्या मुलाला सांगता येत नाही. म्हातारा माणूस सांगतो ते त्याला खरंच वाटत असतं, पण तसं असतंच असं नाही. आणि ज्याला चक्कर येते त्याला नेमकं काय होतंय ते शब्दांत धरता येत नाही. अशा वेळी साक्ष देतात ते चेहरा आणि डोळे.

हे केंद्र लेडी जमशेटजी रोडवरून आत शिरलेल्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. बाहेर बसगाड्या, हॉर्न, आणि बुधवार असला तर सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाची गर्दी. आत एक ध्वनिरोधक खोली, जेमतेम तीन खुर्च्या मावतील एवढी. दार जाड, भिंती दुहेरी, खाली गालिचा. दार ओढून घेतलं की रस्त्याचा आवाज तुटतो आणि आपलाच श्वास ऐकू यायला लागतो. खोलीला काचेची खिडकी आहे आणि खिडकीबाहेर यंत्रासमोर ऑडिओलॉजिस्ट बसते. तिचं शिक्षण नायर रुग्णालयातलं. १९६६ साली सुरू झालेला तिथला ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचा अभ्यासक्रम देशातल्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासक्रमांपैकी एक. कर्णबधिर मुलांची देशातली पहिली शाळा निघाली तीही मुंबईतच, १८८०च्या दशकात. या शहराने या कामाची सुरुवात लवकर केली, पण मुलं मात्र अजूनही उशिरा येतात.

त्या दिवशी आत आईच्या मांडीवर सव्वा वर्षाचा मुलगा होता. माहीम कोळीवाड्यातलं कुटुंब, सोबत आजी. हाकेला वळत नाही, एकही शब्द काढत नाही, ही आईची तक्रार. आजीला ती मान्य नव्हती. "थाळी वाजवली की बघतो ना! मुलगे उशिरानेच बोलतात. याचा बाप चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता." या खोलीत हे बोलणं रोजचं. ऑडिओलॉजिस्टने वाद घातला नाही. "आजी, आपण बघूया तर खरं," एवढंच म्हणाली आणि आईच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यात गाणं लावलेलं. आईला तपासणीचा आवाज ऐकू आला तर ती नकळत दचकते, मांडी हलते आणि मुलाला सुगावा लागतो. तसं होऊ नये म्हणून ही काळजी.

मदतनीस मुलासमोर बसून एक साधं, आवाज न करणारं खेळणं हळूहळू फिरवत राहिली. फार मजेदार खेळणं चालत नाही, कारण मग मूल त्यातच रमतं. दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि प्रत्येकावर काळ्या काचेचा डबा. आवाज सोडायचा, मुलाने त्या बाजूला मान वळवली की डब्यातला दिवा लागतो आणि आतलं माकड ढोल बडवायला लागतं. हे बक्षीस. दोन-तीनदा झालं की मूल आवाज आला रे आला की माकड शोधतं. मग आवाज कमी करत जायचं. साधारण सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांची ही रीत. त्याहून मोठ्या मुलाला आवाज ऐकला की डब्यात मणी टाकायला शिकवतात.

८० डेसिबलला, जाड स्वराला, मुलगा वळला. माकड वाजलं, तो हसला, आजीने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. स्वर बारीक झाला तसं वळणं थांबलं. २००० हर्ट्झला आवाज चढवत नेला तरी तो समोरच्या खेळण्याकडेच बघत राहिला. मध्येच एकदा वळला तेव्हा आवाज सोडलेलाच नव्हता; मुलं अशी उगाचही वळतात, म्हणून मधूनमधून मुद्दाम गप्प राहायचं असतं. काचेपलीकडून ती त्याच्या बुबुळांवर नजर रोखून बसली होती. मान वळण्याआधी डोळे क्षणभर थबकतात, चोखणं थांबतं, भुवई हलते. यातलं खरं काय आणि योगायोग काय हे ओळखण्यात वर्षं जातात. यंत्र फक्त आवाज सोडतं. ऐकू आलं की नाही याचा निवाडा तिलाच करावा लागतो.

थाळीचं कोडं तिने आजीला नंतर उलगडून सांगितलं. थाळी पडली की लादी हादरते, आजूबाजूची माणसं दचकतात, सावली हलते, मूल तेवढ्यावर बघतं. शिवाय ऐकू खूप कमी येणाऱ्या कित्येक मुलांना मोठे, जाड आवाज थोडेफार येतातच. बोलण्यातले 'स', 'श', 'फ' येत नाहीत, आणि जे कानावर पडत नाही ते जिभेवर येत नाही.

स्पीकरच्या तपासणीत दोन्ही कानांचं मिळून उत्तर मिळतं. एकेका कानाचं कळण्यासाठी बेरा नावाची तपासणी करावी लागते. तिची तयारी घरूनच सुरू होते: बाळाला रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, वाटेत झोपू देऊ नका, इथे आल्यावर दूध पाजा. कपाळावर आणि कानांमागे चकत्या चिकटवतात, झोपलेल्या बाळाच्या कानात हजारो टकटक आवाज सोडतात, आणि श्रवणनसेतून मेंदूच्या देठापर्यंत जाणारी वीज पडद्यावर लहरी काढते. पाचवी लहर महत्त्वाची. आवाज कमी करत गेल्यावर ती कुठे विरते ते बघायचं. दुसरी एक, त्याहून झटपट तपासणी म्हणजे ओएई. निरोगी कानाच्या आतला शंख आवाजाला स्वतःच बारीक प्रतिसाद देतो, हे लंडनच्या डेव्हिड केंप यांनी १९७८ साली दाखवलं. तो प्रतिसाद टिपायला काही मिनिटं पुरतात, बाळाला टोचावंही लागत नाही. पण जन्मल्यावर अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा कावीळ फार चढलेल्या बाळांचा शंख ठीक आणि नस बिघडलेली, असं असू शकतं. त्यांना ओएईवर सोडून चालत नाही, बेराच हवी.

जगभर मानला जाणारा हिशेब एक-तीन-सहा असा आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. कोळीवाड्यातला हा मुलगा सव्वा वर्षाचा, आणि तरी इथे तो लवकर आलेल्यांत मोडतो.

निदानानंतरची पायरी श्रवणयंत्राची. ते म्हटलं की लोकांना यंत्राची किंमतच दिसते. कान भरून घेणारा साचा कोणाच्या लक्षात येत नाही. आधी कानात दोरा बांधलेला स्पंजचा बारीक बोळा सारायचा, म्हणजे पडद्याला धक्का लागत नाही. मग दोन रंगांची सिलिकॉनची लगदी एकत्र मळायची, पिचकारीने भरायची आणि पाच-एक मिनिटं मुलाला हलू द्यायचं नाही. मुलगा रडला, आजीनेच त्याला धरून ठेवलं. निघालेला ठसा तिने उजेडात धरून उलटसुलट पाहिला, एक वळण नीट भरलं नाही म्हणून पुन्हा घेतला. साचा सैल बसला तर यंत्र शिटी मारतं, घरचे वैतागून ते काढून ठेवतात, आणि मुलाचे महिने फुकट जातात. बाळाचा कान वाढतो, त्यामुळे दर काही महिन्यांनी नवा साचा लागतो. माहीमची खारी दमट हवा यंत्राला मानवत नाही, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. हे सगळं सांभाळते ती आई. यंत्र पुरेसं पडलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लान्टचा विचार होतो. गरजू कुटुंबांच्या मुलांसाठी ती शस्त्रक्रिया केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून होते, आणि त्या कामाची मध्यवर्ती संस्था खाडीपलीकडेच, वांद्रे रेक्लमेशनला आहे: ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था.

दुपारी लालबागहून एक आजोबा आले, नातीबरोबर. "ऐकू येतं मला. माणसंच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात." हातात बटण दिलं: आवाज आला की दाबा. काही जण अंदाजाने ठेक्यात दाबत राहतात, म्हणून ती दोन आवाजांमधलं अंतर सारखं बदलत होती. आवाज आला की त्यांच्या भुवया आधी उचलल्या जात, बोट नंतर हले. आलेख निघाला: उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी. जाड स्वरांना दोन्ही रेषा बऱ्यापैकी वर, ४००० हर्ट्झपाशी दोन्हींचा खोल खड्डा. तिने मान वर न करताच विचारलं, "बाबा, गिरणीत होता का? साचाखात्यात?" होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तोवर मागावर उभे होते. धोट्यांच्या खडखडाटात बोलणं शक्यच नसायचं, सगळं हातवाऱ्यांनी. तिथे कधी कोणी कान तपासले होते का, याला उत्तर 'नाही'. आवाजाने जाणारी श्रवणशक्ती कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, पण गिरणगावात ती वयाच्या नावावर खपून गेली. 'सात' म्हटलं की त्यांना 'हात' ऐकू येतं. आवाज येतो, शब्द कळत नाही, म्हणून भांडणं. तिने नातीला सांगितलं: ओरडू नकोस, ओरडलं की शब्द फाटतात. समोर ये, उजेडात उभी राहा, वाक्य लहान ठेव.

संध्याकाळच्या मावशींना कूस बदलली की खोली फिरायची. 'मणक्याची चक्कर' म्हणून कित्येक महिने गोळ्या चालू, उशा लावून बसूनच झोप. त्यांना गॉगलसारखा कॅमेऱ्याचा चष्मा चढवला, मान उजवीकडे ४५ अंश वळवली आणि झटक्यात मागे आडवं केलं, डोकं पलंगाच्या कडेखाली. "डोळे मिटू नका मावशी, मी धरलंय." दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग पडद्यावर बुबुळं गरगर वळत झटके देऊ लागली, मावशींनी तिचा दंड घट्ट आवळला, आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत झालं. निदान तिथेच झालं. कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते निसटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की मान हलताच मेंदूला खोटी गिरकी कळते. ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडली. उपाय अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांचा: डोकं ठरावीक क्रमाने वळवत ते स्फटिक घरंगळवून परत जागी न्यायचे. मावशींना तिने तसंच वळवलं, प्रत्येक वळणावर थांबून, नजर पडद्यावर. नंतर पुन्हा आडवं केलं तेव्हा बुबुळं जागची हलली नाहीत. एका बैठकीत सगळ्यांचं भागत नाही, कधी पुन्हा करावं लागतं, कधी चक्कर परतते. पण गोळीने चक्कर दबते, स्फटिक हलत नाहीत. यंत्रं येण्याच्या कितीतरी आधी व्हिएन्नात रॉबर्ट बारानी कानात कोमट-गार पाणी सोडून डोळ्यांच्या हालचाली बघत होते. १९१४चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं, आणि बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. ती चाचणी आजही होते, ३० आणि ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्याने.

कानाचं दुखणं आपण अंगावर काढतो, कारण ते दुखत नाही. पण एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं तर दडा बसलाय म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. उपचाराला दिवसांचीच मुदत असते. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा हात किंवा पाय लुळा पडला तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि घरात बाळंतीण असेल तर प्रसूतिगृहातून निघण्याआधी बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर ऐकण्याच्या तपासणीची नोंद आहे का ते बघा. नसेल तर तिथेच विचारा, आणि महिना उलटण्याआधी ती करून घ्या.