बर्फावर गिरवलेली रेघ

आमच्या मुदखेडला बर्फ म्हणजे गारेगारवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर लग्नसराईत भुशात गुंडाळून आणलेली लादी. त्या बर्फावर माणसे नाचतात हे टीव्हीवर पाहिले होते. पण नाचणाऱ्याच्या पायाखाली चित्र उमटते, हे तीस वर्षे पोरांना चित्रकला शिकवूनही मला ठाऊक नव्हते. टोरांटोच्या पुतण्याने टोलर क्रॅन्स्टन या गृहस्थाची चित्रे मोबाईलवर धाडली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

क्रॅन्स्टन कॅनडाचा, जन्म १९४९ चा. १९७१ पासून १९७६ पर्यंत फिगर स्केटिंगमध्ये सलग देशाचा विजेता. १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले. पुढे तो चित्रकार म्हणून नावाजला. खेळ सोडून त्याने कुंचला धरला, असे सांगायची पद्धत आहे. ते तितकेसे खरे नाही. मॉन्ट्रियलच्या कलाशाळेत तो तरुणपणीच शिकला होता. दोन्ही वेडे बरोबरच वाढली.

मला खिळवून ठेवले ते या खेळाच्या नावाने. फिगर म्हणजे आकृती. पूर्वी या स्पर्धेत उड्या-गिरक्यांआधी खेळाडूला बर्फावर इंग्रजी आठाच्या धर्तीच्या ठरावीक आकृत्या काढाव्या लागत. बुटाखालच्या पात्याला मधे पन्हळ असते, म्हणून कडा दोन. एका कडेवर तोल सांभाळला तर एकच रेघ उमटते. पाते सपाट पडले की दोन रेघा, आणि गुण गेले. तीच आकृती पुन्हा पुन्हा, आधीच्या रेघेवरूनच काढायची. मग परीक्षक वाकून, कधी गुडघे टेकून रेघ तपासणार. आपल्याकडे पाटीवरचा ‘अ’ गिरवतात, तेच हे! १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शुबा मुक्त नृत्यात सातवी येऊनही या गिरवण्याच्या बळावर सुवर्णपदक घेऊन गेली. लोक कुरकुरले, १९७३ पासून आकृत्यांचे वजन घटले आणि १९९० नंतर मोठ्या स्पर्धांतून त्या हद्दपारच झाल्या.

क्रॅन्स्टन नेमका या गिरवण्यात मागे पडे. मुक्त नृत्यात मात्र त्याच्यासारखा तोच. हात, मान, पाठ अशी वळवी की जुन्या परीक्षकांना ते थिल्लर वाटे आणि प्रेक्षक उभे राहात. त्याची चित्रेही तशीच: भडक रंग, नक्षीने खच्चून भरलेली वस्त्रे, आणि त्यांत हेलकावे घेणारे स्केटर. अखेरची कित्येक वर्षे तो मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेंदे या गावी राहिला. २०१५ साली तिथेच वारला.

चित्रे पाहताना मला माझाच एक विद्यार्थी आठवत राहिला. नववीतला, कबड्डीतला पट्टीचा चढाईवीर. रेखाकला परीक्षेच्या सरावात मी स्मरणचित्राला ‘आमचा खेळ’ हा विषय दिला. त्याने चढाई काढली. मध्यरेषेकडे झेपावलेल्या गड्याचा पाय धडाच्या दुप्पट लांब! मी लाल पेन्सिलीने माप दाखवले, गुण कापले. तो म्हणाला, “सर, तवा पाय एवढा जातोच.” मी वर्गासमोर हसलो. पुढच्या आठवड्यापासून तो माझ्या तासाला वहीच काढेना. परीक्षेचा अर्जही त्याने भरला नाही. प्रमाणबद्धता शिकवणे हे माझे कामच होते. पण त्या क्षणी त्याला ठाऊक असलेले मला ठाऊक नव्हते, हे कबूल करायला मला इतकी वर्षे लागली.

परवा पहाटे तो भेटला. आता त्याचे फुलांचे शेत आहे. गुलाबाच्या पाट्या टेम्पोत चढवत होता. मी मोबाईल पुढे केला. ओले हात पँटीला पुसून त्याने चित्र निरखून पाहिले, बोटांनी मोठे केले.

“सर,” तो म्हणाला, “ह्याचा बी पाय लांबच काढलाय की.”