जुना फोन रूट करू का?

जळगाव-धुळ्याकडून एक प्रश्न सारखा येतो: "भाऊ, फोन स्लो झालाय, रूट करून टाकू का?" आज तेवढंच बोलू.

अँड्रॉइड लिनक्सवर उभं आहे. त्यात प्रत्येक अ‍ॅपला वेगळा युजर नंबर मिळतो, म्हणून एकाला दुसऱ्याचा डेटा दिसत नाही. वाड्यातल्या खोल्या समजा, प्रत्येकीला कुलूप. रूट म्हणजे युजर नंबर 0, त्याच्याकडे सगळ्या चाव्या. कंपनीने टाकलेली नकोशी अ‍ॅप्स काढा, सिस्टिमच्या फाइल्स बदला, कोणी अडवत नाही.

पण आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो. तो दारावरचा वॉचमन. फोन चालू होताना सिस्टिमवर कंपनीची डिजिटल सही आहे का, ते बघतो. अनलॉक केलं की हा पहारा सुटतो आणि फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे मुद्दाम ठेवलंय, नाहीतर चोरानेही अनलॉक करून तुमचे फोटो पाहिले असते. मग मॅजिस्कसारखं टूल बूट इमेज बदलून रूट देतं.

आता खरी गोम. बँकेची बरीच अ‍ॅप्स फोनशी छेडछाड झालीय का ते तपासतात, गूगलची 'प्ले इंटिग्रिटी' त्यासाठीच आहे. शंका आली की अ‍ॅप उघडत नाही. रावेर-यावलला केळीचे पैसे आले का हे ज्या फोनवर बघता, त्याच्यावर प्रयोग नको. सॅमसंगच्या नॉक्सवाल्या फोनमध्ये तर एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं की तो उडतो, परत जोडता येत नाही.

आणि मुख्य म्हणजे नुसत्या रूटने फोन फास्ट होत नाही. आधी स्टोरेज रिकामं करा, बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट मारा. बॅटरी थकली असेल तर गोलाणी मार्केटला जाऊन बदलून घ्या.

कंपनीचे अपडेट बंद झालेत? मग लिनेजओएसच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का बघा. त्यासाठी बूटलोडर अनलॉक लागतो, रूट नाही. म्हणजे पहारा बदलतो, पण खोल्यांची कुलपं तशीच राहतात. बँकेच्या अ‍ॅप्सची अडचण मात्र इथेही येऊ शकते.

शिकायचं म्हणून रूट करायचंय? जरूर करा! कपाटात पडलेला फोन घ्या, सिम आणि बँक अ‍ॅप काढा, आणि स्वतःच्या हाताने करा. सगळ्या चाव्यांचा जुडगा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो.